दोन उतार आणि एकच काठ

हॉटेलाच्या मागे तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा उघड्यावर पडला होता आणि त्यात चार बोटं पाणी होतं. या प्रकरणात जे काही कळायला हवं होतं, ते बहुतेक सगळं सकाळी सात वाजता त्या डब्यात होतं. मी डब्याकडे पाहिलं, हॉटेलवाल्याला विचारलं, "काल रिकामा होता?" तो म्हणाला, "परवाच वरचा पत्रा कापून ठेवला, काल सांजंला लै बदाबदा आला." मी मनात गणित केलं, कौतुकानं हसलो आणि दुसरा चहा सांगितला.

मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालोय. पाणलोट, अपधाव, विसर्ग या शब्दांवर तीस वर्षं घर चाललं. तेलाच्या डब्याच्या भिंती उभ्या असतात, वरून-खालून माप सारखं, त्यामुळे सरकारी पर्जन्यमापकाच्या खालोखाल तो बरा. चार बोटं म्हणजे ७० मिलिमीटरच्या आसपास. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की महसूल खातं त्या मंडळात अतिवृष्टी झाली असं धरतं. म्हणजे आदल्या संध्याकाळी तिथे अतिवृष्टी झाली होती आणि आम्ही आठ जण दशम्या-धपाटे बांधून धबधबा पाहायला निघालो होतो.

आठ कोण, तेही सांगतो, कारण माणसं कोण आहेत यावर पुढचं बरंच ठरलं. मी आणि माझी बायको. माझा भाचा आणि त्याचे कॉलेजचे दोन मित्र. शेजारचे सर, वहिनी आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी. सर शाळेतून निवृत्त, गुडघे कुरकुरणारे. पोहता येणारे तिघंच. डोंगरात नियमित फिरणारे मी आणि भाचा, आणि "नियमित" हा शब्दही जरा सढळच.

सप्टेंबर संपत आला होता, हस्त लागायला दोन दिवस होते. हवामान खात्याचा जिल्ह्याला येलो अलर्ट होता. पण येलो अलर्ट महिनाभरात इतक्या वेळा येऊन जातो की माणूस तो वर्तमानपत्रातल्या राशिभविष्यासारखा वाचतो. शिवाय आम्ही मराठवाड्याची माणसं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, ते पाहिलेली. वाहतं पाणी दिसलं की आमच्या पोटात भीती उठत नाही, उत्सव उठतो. कोकणातला माणूस ओढा चढला की घरात बसतो. आम्ही गाडी काढतो.

जागा

संभाजीनगरहून कन्नड साठेक किलोमीटर. तिथून पुढे अजिंठा-सातमाळ्याची रांग. ही रांग दक्षिणेकडून पाहिली तर डोंगर वाटतच नाही, हळूहळू चढत जाणारं पठार वाटतं. उत्तरेच्या काठावर गेलं की एकदम पायाखालची जमीन संपते आणि खाली खानदेश दिसतो. दक्षिणेला उतरणारं पाणी शिवनेतून गोदावरीला, म्हणजे बंगालच्या उपसागराला जातं. शे-दोनशे पावलांवर पलीकडे पडलेलं पाणी गिरणेतून तापीला आणि अरबी समुद्राला. पितळखोऱ्याची लेणी अशाच उत्तरेकडे उघडणाऱ्या घळीत आहेत. तिथे पैठणच्या एका अत्तरवाल्यानं, मितदेव गंधिकानं, दान दिल्याचा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणहून इथवर माणसं येत होती, तीही धबधब्याच्या शेजारी कोरलेल्या लेण्यांत. एवढं सांगून ते विषयांतर थांबवतो.

आमचा ओढाही उत्तरेकडेच पडणारा. त्याचं नाव आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की पुढच्या रविवारी तिथे पन्नास मोटारसायकली लागतात. जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गायरान आणि मुरमाड रानातली. गावकरी त्याला नुसता "वढा" म्हणतात.

अशा ठिकाणी धबधबे का होतात ते समजलं तर पुढचं सोपं जाईल. हा सगळा प्रदेश लाव्ह्याच्या आडव्या थरांचा. एक थर टणक काळ्या पाषाणाचा, त्याखाली कधी कधी तांबड्या मातीचा भुसभुशीत पट्टा, मग पुन्हा पाषाण. पाणी तांबडा पट्टा आतून कोरत नेतं, वरचा पाषाण छज्जासारखा पुढे राहतो, एक दिवस तुटतो. त्यामुळे धबधबा सरळ पडतो आणि खाली कुंड होतं. धबधब्याच्या वरचा ओढा मात्र सपाट खडकावरून, पसरट, उथळ, घरगुती दिसणारा वाहतो. पाहणाऱ्याला फसवतो तो हाच भाग.

गावापासून कुंड साडेतीन किलोमीटर. वाट दोनदा ओढा ओलांडते. पहिली जागा गावापासून चाळीस मिनिटांवर, तिला आम्ही वरचा उतार म्हणू. तिथून ओढ्याच्या उजव्या काठानं अर्धा तास चाललं की दुसरी जागा, खालचा उतार. तो ओलांडून परत डाव्या काठावर यायचं आणि कपारीतून कुंडाशी उतरायचं. खालच्या उतारापासून धबधब्याचा कडा साठ पावलांवर. ही साठ पावलं लक्षात ठेवा.

सकाळ

सव्वानऊला वरच्या उतारावर पोचलो. पाणी नडगीपर्यंत, स्वच्छ, खालचा खडक दिसणारा. पात्र आठ मीटर रुंद असेल. मी सवयीनं पान टाकून पाहिलं. पानाला पाच मीटर जायला दहा सेकंद लागले. म्हणजे रुंदी, सरासरी खोली आणि वेग यांचा गुणाकार केला तर सेकंदाला ०.८ घनमीटर, २८-३० क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट). शेताच्या मोठ्या चारीएवढं. सरांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, मुलीनं तीनदा इकडून तिकडे केलं, फोटो झाले. खालच्या उतारावरही तसंच.

इथे आमच्या हातून पहिली गोष्ट राहिली. दोन्ही उतार सोपे गेले, म्हणून त्यांची आमच्याकडे नोंदच झाली नाही. पाण्याच्या कडेला दगड रचून खूण केली नाही. ओलांडायला आणखी कुठे पसरट जागा आहे का ते पाहिलं नाही. परतायला अमुक वाजता निघायचंच, असं ठरवलं होतं (एक वाजता), पण ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. खरं तर येताना प्रत्येक उतारावर एकच प्रश्न विचारायचा असतो: हा परत येताना बंद असला तर मी कुठे जाईन? आम्ही तो विचारला नाही. तो विचारला असता तर उत्तर अगदी जवळ होतं, इतकं जवळ की मला आजही लाज वाटते. ते ओघानं येईल.

कुंडाशी मजा आली, ती नाकारत नाही. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. धबधब्याचे तुषार पन्नास फुटांवरून अंगावर येत होते. मुलं कुंडात उतरायला निघाली, मी अडवलं: वरून छज्जाचे दगड सुटतात आणि कुंडाचा तळ कुणी पाहिलेला नसतो. त्या एका बाबतीत तरी मी त्या दिवशी शहाणा होतो.

सव्वाच्या सुमारास दक्षिणेकडून गडगडलं. आमच्या डोक्यावर ऊन. पठारावर, गावाच्या पलीकडे, काळं शाईसारखं आभाळ खाली उतरलेलं. सप्टेंबरातला आमच्याकडचा पाऊस असाच. सकाळ तापते, दुपारी ढग उभे वाढतात, आणि एका शिवारात धो धो कोसळताना शेजारच्या शिवारात धूळ असते. म्हणून "इथे तर ऊन आहे" या वाक्याला ओढ्याच्या काठी काही अर्थ नसतो. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नाही, ओढ्याच्या डोक्यावर पडला की पुरे.

मी म्हटलं, आवरा. आवरायला पस्तीस मिनिटं लागली. सरांचे बूट वाळत होते, डबे धुवायचे होते, भाच्याच्या मित्राचा एक व्हिडिओ राहिला होता. एक पन्नासला निघालो.

खालचा उतार

दोन वाजून दहा-पंधरा मिनिटांनी आम्ही खालच्या उतारावर. पाणी आता बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं. त्यावर काडीकचरा, पळसाची पानं, एक प्लास्टिकची चप्पल. गुडघ्याच्या जरा वर. तळ दिसत नव्हता.

इथे घेतलेला निर्णय माझा. तो चुकीचा होता आणि त्या क्षणी तो अगदी बरोबर वाटला. माझ्या डोक्यात चाललेलं असं: पाणी चढतंय, वर पाऊस चालू आहे, म्हणजे अजून चढणार. थांबलो तर अडकू. आत्ता गुडघ्यापर्यंत आहे तोवर पार व्हायला हवं. "अजून वाढायच्या आत." या तीन शब्दांनी आजवर किती माणसं पाण्यात घातली असतील याचा हिशेब नाही. हे तर्कट एकाच परिस्थितीत खरं ठरतं: पलीकडच्या काठावर सुटका असेल तर. आमच्या पलीकडच्या काठावर दुसरा उतार होता, तोही त्याच पाण्याचा.

शिवाय ती साठ पावलं. ओढा ओलांडताना पाय सुटला तर माणूस कुठे जाईल, हे आधी पाहायचं. खाली संथ डोह किंवा वाळूचं बेट असेल तर बुडी खाऊन तो बाहेर येतो. खाली कडा असेल तर पाणी घोट्यापर्यंत असलं तरी त्या जागी ओलांडायचं नाही. मला हे ठाऊक होतं. पण सकाळी आपण इथूनच गेलो, ही गोष्ट ठाऊक असलेल्या सगळ्यापेक्षा भारी ठरली.

ओलांडण्याची पद्धत आम्ही बरी वापरली, म्हणूनच हे लिहायला मी उरलोय. बूट काढले नाहीत. अनवाणी पाय खडकावरच्या शेवाळावर टिकत नाही. तोंड प्रवाहाकडे, हातातली काठी प्रवाहाच्या बाजूला रोवलेली, एका वेळी एकच पाय हलवायचा. सगळ्यांत जड माणूस, म्हणजे मी, वरच्या अंगाला. त्याच्या आडोशाला बाकीचे एकमेकांच्या पाठपिशव्या धरून एका रांगेत. मुलगी मधोमध. आठ जणांचे दोन गट केले.

पाठपिशवीचे छातीवरचे आणि कमरेचे पट्टे सोडा, असं मी ओरडून सांगितलं होतं. पाण्याच्या आवाजात ते शेवटच्या पोरापर्यंत पोचलं नाही. दुसऱ्या गटात तोच खालच्या अंगाला होता. मध्यावर त्याचा पाय सरकला, पिशवीत पाणी भरलं आणि पिशवीच त्याला ओढायला लागली. पट्टे बंद, त्यामुळे ती अंगावेगळी करता येईना. भाच्यानं पिशवीचा वरचा बंद धरून ठेवला होता, तो सोडला नाही. दोघंही चार-पाच पावलं घसरत गेले आणि एका धोंड्याला अडकले. मी आणि सर कमरेपर्यंत पाण्यात शिरून काठी पुढे केली. पोराचं कोपर सोललं, एक बूट गेला, मोबाइल भिजला. बूट कड्यावरून खाली गेलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर काही वेळ कुणी बोललं नाही.

आकड्यात सांगायचं तर: दोन्ही पायांची मिळून रुंदी ३० सेंटिमीटर धरा, खोली अर्धा मीटर. सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी या पायांना ढोबळमानानं ७-८ किलोचा रेटा देतं. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, ३० किलो. आणि पाणी कमरेकडे चढलं की अंग तरंगायला लागतं, पायांची पकड सुटते. म्हणून "गुडघाभर तर आहे" हे अर्धंच वाक्य. किती वेगानं, हे त्याला जोडल्याशिवाय ते पुरं होत नाही.

वरचा उतार

पावणेतीनला वरच्या उतारावर पोचलो, तेव्हा उतार नव्हताच. सकाळच्या आठ मीटरचे दहा-अकरा मीटर झाले होते आणि मधोमध पाण्याला पाठ आली होती, बैलाच्या वशिंडासारखी. पाण्याखालून धप्प धप्प असा आवाज येत होता. तळाचे दगड गडगडत चालले होते.

घरी आल्यावर केलेलं गणित इथेच देतो. वरच्या उताराच्या वरचं पाणलोट, म्हणजे जिथलं पाणी त्या उताराशी येतं तेवढं रान, नकाशावर मोजलं तर सहा चौरस किलोमीटरच्या आसपास. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक हजार घनमीटर पाणी. तासाभरात ४० मिलिमीटर पडला असं धरलं तर दोन लाख चाळीस हजार घनमीटर. त्यातलं निम्मं वाहून आलं आणि दोन तासांत गेलं तर सरासरी सेकंदाला साडेसोळा घनमीटर, म्हणजे सहाशे क्युसेकच्या घरात. सकाळच्या वीस पट. सहा चौरस किलोमीटरचं पाणलोट म्हणजे काही नदी नव्हे. अशा ओढ्याचं लांबून लांबचं पाणीही साधारण तासाभरात उतारावर पोचतं.

निम्मं पाणी वाहून आलं असं का धरायचं? उत्तर पुन्हा तेलाच्या डब्यात. जूनमध्ये आमच्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा असतात. ७० मिलिमीटर पाऊस ते पिऊन टाकतं आणि ओढ्याला कळतही नाही. सप्टेंबरअखेर भेगा बुजलेल्या, पठारावर मुळात वीतभर माती आणि खाली पाषाण, त्यात आदल्या संध्याकाळी चार बोटं पडून गेलेली. रान तुडुंब. आता वरून येईल ते सगळं बाहेरच. पावसाच्या आकड्यापेक्षा, त्याच्या आदल्या दिवशीचा आकडा जास्त बोलतो, हे मी कितीतरी अंदाजपत्रकांत लिहिलंय.

थोरल्या प्रमाणावर हेच २०२१ मध्ये ३१ ऑगस्टच्या पहाटे झालं. याच रांगेवर तुफान पाऊस झाला, कन्नडच्या घाटात दरडी कोसळून वाहनं अडकली, आणि पायथ्याला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्या घराघरात शिरल्या. ती बातमी मी मित्रांना समजावून सांगितली होती, नकाशा काढून.

थांबणं

सव्वातीन तास आम्ही उजव्या काठावर बसून होतो. मागे नुसता डोंगर, दोन तास चाललं तरी वस्ती नाही. खालचा उतार तोवर बंद झालेला. म्हणजे पुढचाही गेला, मागचाही गेला, आणि आम्ही मधल्या पट्ट्यात.

पंधरा-वीस मिनिटांत आमच्याही डोक्यावर पाऊस आला, विजांसकट. काठावर एकटा मोठा आंबा होता, सगळ्यांचे पाय आपसूक तिकडे वळले. तिथून सगळ्यांना हुसकावलं. ओढ्यापासून वर, पण टेकाडाच्या माथ्यावर नाही, अशी खुरट्या झुडपांची जागा शोधून एकमेकांपासून अंतर ठेवून पिशव्यांवर उकिडवे बसलो. विजेची सूचना देणारं दामिनी ॲप माझ्या मोबाइलमध्ये होतं. रेंज नव्हती.

खरा तंटा माणसांचा झाला. भाच्याच्या मित्रांना आत्ताच जायचं होतं. आमच्याकडे पंधरा मीटर नायलॉनची दोरी होती. ती एकाच्या कमरेला बांधायची, तो पलीकडे जाईल, मग बाकीचे दोरी धरून येतील, असा बेत. टीव्हीवर असंच असतं. मी नाही म्हटलं. कमरेला दोरी बांधलेला माणूस पडला आणि दोरी ताणली गेली की प्रवाह त्याला सोडत नाही, उलट पाण्याखाली दाबून धरतो. दोरी धरणाऱ्याला वाटतं आपण वाचवतोय. मग दुसरा बेत निघाला: वर जाऊन ओढा अरुंद असेल तिथून उडी मारू. अरुंद जागा म्हणजे तेवढंच पाणी कमी रुंदीतून, म्हणजे जास्त खोल आणि जास्त वेगानं. ओलांडायचंच तर रुंद, पसरट जागा पाहायची. पोरं चिडली. एक जण म्हणाला, "काका, तुम्हीच तर मघाशी घेऊन गेलात ना पाण्यातून?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सरांनी त्यातून बाहेर काढलं. त्यांनी मुलीला काम दिलं. पाण्याच्या कडेला एक काठी रोवून तिच्याशी दगड मांडायचा, आणि दर पंधरा मिनिटांनी मोठ्यानं सांगायचं: चढलं की उतरलं. तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत चढत होतं. मग अर्धा तास जागच्या जागी. चार वाजता "दोन बोटं उतरलं!" अशी तिची आरोळी आली, आणि पोरांचा वाद तिथेच मिटला. लहान पाणलोटाचा ओढा जसा तासात चढतो तसा काही तासांत उतरतोही. हे मला कागदावर माहीत होतं; आठ भिजलेल्या माणसांना ते काठीवर दिसायला हवं होतं.

तोवर थंडीनं गाठलं. सप्टेंबरात, मराठवाड्यात, थंडी! मुलीचे ओठ निळसर झाले, दात वाजायला लागले. वहिनींनी तिचे ओले कपडे काढून माझ्या बायकोच्या पिशवीतला कोरडा गाऊन घातला, वरून मेणकापड. गूळ-शेंगदाणे होते ते वाटून खाल्ले. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून न्यायची बायकोची सवय आहे, तिला मी आजवर हसत आलो.

निरोप कसा गेला तेही मजेशीर. विजा थांबल्यावर वहिनी टेकाडावर चढल्या, तिथे रेंजची एक काडी आली. ११२ ला फोन लागून कटला. मग मुलीनं सकाळी हॉटेलाच्या पाटीचा फोटो काढला होता, पाटीवर काढलेला पोपट आवडला म्हणून. पोपटाखाली मोबाइल नंबर. हॉटेलवाल्यानं पाचव्या मिनिटाला गावात निरोप धाडला.

साडेचारला पलीकडच्या काठावर एक गुराखी मामा आले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. आवाज पोचत नव्हता. त्यांनी दोन्ही तळवे खाली दाबून दाखवले: बसा. आणि स्वतःही तिथेच बसले, घोंगडं डोक्यावर घेऊन. त्यांच्या बसण्यानं जो धीर आला तो माझ्या सगळ्या गणितानं आला नसता.

सहा वाजता पाणी गुडघ्याच्या खाली आलं, दगडांचा आवाज बंद झाला. मामा वरच्या अंगाला शंभर पावलं चालत गेले आणि एका पसरट जागेतून काठीनं तळ चाचपत आमच्याकडे आले. तिथून त्यांच्या मागोमाग आठही जण पार झालो. अंधार पडायला वीसेक मिनिटं होती.

मामांचा प्रश्न

गावाकडे चालताना मामांनी विचारलं, "सायेब, कुंडावर गेल्ते ना?"

"हो."

"कुंड बी ह्याच कडंला, गाव बी ह्याच कडंला. मंग मधी वढा कामून वलांडला?"

मी चालता चालता थांबलो. दोनदा ओढा ओलांडला म्हणजे माणूस पुन्हा त्याच काठावर येतो. चारदा ओलांडला तरी त्याच काठावर. सम संख्या. पहिलीतल्या पोराला कळेल असं गणित. कुंड आणि गाव दोन्ही डाव्या काठावर आहेत. वाट दोनदा ओलांडते त्याचं कारण एवढंच की मध्ये डोंगराची एक सोंड थेट पाण्यात उतरली आहे; तिला वळसा घालण्यापेक्षा ओढा दोनदा तुडवणं सोपं, आणि वर्षातले अकरा महिने तिथे तुडवायला पाणीच नसतं. गुरं मात्र पावसाळ्यात सोंडेवरून जातात. "गुरं पाण्याला भ्यात्यात," मामा म्हणाले, "मानसं भेत न्हाईत."

म्हणजे खालच्या उताराशी आम्ही उभे होतो तेव्हा गावाच्याच काठावर होतो. काहीही न ओलांडता घरी जाता आलं असतं. मी आठ माणसांना कड्याच्या तोंडाशी पाण्यात घातलं ते सुरक्षित काठावरून अडचणीच्या काठावर नेण्यासाठी.

याचा दोष पावसाला देता येत नाही, अलर्टलाही नाही. मी दिवसभर प्रत्येक ओलांडणी सुटी सुटी पाहत होतो: किती खोल, किती वेग, किती रुंद. ती सगळी मापं बरोबर होती. ओढा अख्खा पाहिला नव्हता. आमच्यातल्या कुणीही सकाळी नकाशाचा एक स्क्रीनशॉट काढून त्यावर बोट फिरवलं असतं तरी दिसलं असतं. किंवा हॉटेलवाल्याला "पाणी आलं तर गुरं कुठून आणता?" असं विचारलं असतं तर. मी त्याला फक्त डब्याबद्दल विचारलं.

डिसेंबर

डिसेंबरात मी आणि भाचा टेप घेऊन परत गेलो. ओढ्यात सुरवातीला वाटलं, ही ती जागाच नव्हे. मधोमध हातभर रुंदीची धार आणि बाकी कोरडा खडक. वरच्या उतारापाशी करंजाच्या फांदीत काडीकचऱ्याचा झुपका अडकलेला होता, तळापासून १ मीटर ६० सेंटिमीटरवर. आम्ही पाहिलेलं पाणी त्याच्या बरंच खाली होतं. त्या मोसमात केव्हा तरी ओढा आणखी चढला होता, केव्हा ते कचरा सांगत नाही. आम्ही बसलो होतो ती झुडपांची जागा त्या खुणेच्या तीन मीटर वर निघाली. तेवढी जागा बरी निवडली होती.

मग गुरांच्या वाटेनं कुंडापर्यंत गेलो. दोन किलोमीटरचा फेर पडला. बोराटीचे काटे, एके ठिकाणी हाताचा आधार घ्यावा लागतो. सरांना जड गेलं असतं, पण जमलं असतं. सोंडेच्या माथ्यावरून दोन्ही उतार एकाच वेळी दिसतात आणि ओढ्यानं घेतलेलं वळणही. भाच्यानं तिथून फोटो काढला. त्यात खालचा उतार आणि त्यापुढचा कडा एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात.

परतताना मामांसाठी आणलेलं नवं घोंगडं द्यायला त्यांच्या घरी गेलो. दाराला कडी होती. शेजारची म्हातारी म्हणाली, ते दोघं ऊसतोडीला गेलेत, पाडव्याच्या आसपास येतील. गुरं आता कोण पाहतं, असं विचारलं तर तिनं ओसरीवर अभ्यास करत बसलेल्या एका पोराकडे बोट केलं. घोंगडं तिच्याकडे ठेवून आलो.